काळ्या गळ्याची रॅकेट

गेणूमामा म्हणायचा, बैल काय आणि रॅकेट काय, घेताना चार गोष्टी बघायच्या. मार, पीळ, वळण आणि गोडी. मार म्हणजे चेंडू किती जोरानं सुटतो ते. पीळ म्हणजे चेंडूला फिरकी किती चढते. वळण म्हणजे ऐन वेळी रॅकेट हातात किती चटकन फिरते, आणि गोडी म्हणजे खेळ आटोपल्यावर हात काय म्हणतो. पहिल्या तीन गोष्टी चार माणसांना दिसतात, चौथी फक्त ज्याची त्याला कळते. म्हणून चौथीबद्दल खोटं बोलता येतं. हे शेवटचं वाक्य मामाचं नाही, माझं आहे, आणि ते लिहायला मला फार वर्षं लागली.

मामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा भाऊ. त्याचं मूळ गाव मुठा. मुळशी धरणाच्या पाण्याकाठी दहा-बारा बंगलेवाल्यांनी मिळून एक लहानसा क्लब काढला होता, तिथं तो मार्कर होता. क्लबात जो कोर्ट राखतो, रॅकेटी विणतो आणि जोडीदार नसेल त्या मेंबराशी खेळायला उभा राहतो, त्याला मार्कर म्हणत. मामा शाळेत चौथीपलीकडे गेलेला नव्हता, पण पांढरी विजार घालून कोर्टावर उतरला की पुण्याहून आलेले वकील-डॉक्टरसुद्धा त्याला जरा जपून हाक मारत. त्याला मूलबाळ नव्हतं. घोटावड्याला आमच्या घरी खाणारी तोंडं फार आणि शाळेत माझं मन कमी, म्हणून सातवी झाल्यावर आईनं मला त्याच्याकडे धाडून दिलं. “तुज्यावानी कर त्येला,” एवढंच ती म्हणाली होती. मामानं ते मनावर घेतलं. मी हे का सांगतोय, तर पुढचं वाचताना कुणी असं समजू नये की मला त्या घरात परक्यासारखं वागवलं.

क्लबाच्या मागं दोन खोल्यांचा क्वार्टर होता. पुढच्या खोलीत मामाची विणायची खुंटी, तातीची भेंडोळी आणि लाकडी प्रेसमध्ये चार स्क्रूंनी आवळलेल्या रॅकेटी. मागच्या खोलीत मामीची चूल. दोन्हींच्या मध्ये नुसता उंबरा, पण तो उंबरा मामीनं सरहद्दीसारखा राखला होता. तात मेंढीच्या आतड्याची असते हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, तेव्हापासून रॅकेट स्वयंपाकघरात आणायची नाही असा तिचा हुकूम. मामा तिला चिडवायचा, “खेकडं बरं चालत्यात तुला!” त्यावर ती म्हणे, “खेकडं रांधून खाते मी. त्येंची आतडी भिताडाला टांगून ठिवत न्हाई तुमच्यावानी.” खेकड्याचं कालवण ती करायची ते मात्र असं, की शेजारच्या बंगल्याचा माळी उगाच काडेपेटी मागायला येऊन बसे. आंबेमोहोराचा भात शिजत असला की त्याचा वास कोर्टाच्या जाळीपर्यंत जाई, आणि खेळता खेळता एखादा मेंबर थांबून म्हणे, “गेणू, आज गेम लवकर संपव बाबा.”

पावसाळाभर कोर्ट बंद. मुळशीचा पाऊस चार महिने माणसाला घरात कोंडतो. रॅकेटी एका मोठ्या लाकडी पेटीत, आत विजेचा बारका दिवा पेटता ठेवून, ऊब देत सांभाळायच्या. तरीही हवा ओलसर झाली की पेटीतल्या पेटीत एखादी तात फट् करून तुटायची आणि मामी दचकून म्हणायची, “मेली एकदाची मेंढी.” दसऱ्याच्या आसपास पाऊस हटला की कोर्टाचं काम निघे. मुरूम पसरायचा, चोपायचा, दगडी रोलर फिरवायचा, आणि मग खळं सारवतात तसं अख्खं कोर्ट शेणानं सारवायचं. ते काम मामीचं आणि डोंगरावरच्या वाडीतल्या चार बायांचं. जाळीच्या एका टोकापासून त्या ओळीनं बसत आणि मागं मागं सरकत दुसऱ्या टोकाला जात, बोलत, हसत, एकमेकींच्या सासवांची नक्कल करत. सारवण वाळलं की त्यावर चुन्याच्या रेघा. नव्या कोर्टावर पहिला चेंडू पडला की त्याचा ठसा उमटे, अंगठ्याच्या ठशासारखा. मामा त्या ठशावरून पीळ वाचायचा. ठसा गोल असला तर चेंडू सरळ आला, लांबोडा असला तर फिरकी घेऊन आला. “बग, हितं घासून गेलाय त्यो,” असं म्हणत तो उकिडवा बसून मला दाखवायचा.

दिवाळीनंतर पुण्याच्या एका दुकानदाराकडून रॅकेटींची ट्रंक यायची. त्यातल्या कुठल्या घ्यायच्या ते मामा पारखून सांगणार आणि मेंबर त्याच्या शब्दावर घेणार, अशी रीत पडून गेली होती. ही पारख तीन दिवस चाले. मार बघायला तो क्लबाच्या भिंतीशी खेळे आणि चेंडू भिंतीला लागून किती मागं येतो ते पावलांनी मोजे. पीळ ठशावरून. वळण बघायची त्याची रीत सांगितली तर आज कुणाला खरी वाटणार नाही. तो ओसरीवर उभा राहून रॅकेटीनं खांबावरची माशी मारायचा. खांबाला धक्का न लावता माशी पडली पाहिजे. मामी आतून ओरडायची, “साहेबाची कोरी रॅकेट, आन् मारायची माशी! त्या माशीचं नशीब बगा!” आणि गोडीची परीक्षा शेवटी. शंभर चेंडू भिंतीवर मारायचे, आणि लगेच त्याच हातात मामीनं काठोकाठ भरून दिलेली कपबशी धरून हात लांब करायचा. वीस मोजायचे. हात थरथरला तर चहा बशीत सांडणार. बशी कोरडी राहिली तर रॅकेट गोड. दोन-चार थेंब, तर चालंल. बशीत तळं झालं तर ती रॅकेट ट्रंकेत परत. मग तो बशीतला गुळाचा चहा मामा फुर्रकन पिऊन टाकायचा आणि निकाल सांगायचा. मेंबरांना या परीक्षेची मोठी गंमत वाटे, पण त्यावर त्यांचा विश्वासही होता. मामाच्या कपबशीनं पास केलेल्या रॅकेटीनं कुणाचा हात दुखला, असं तोवर घडलेलं नव्हतं.

आज माझं पुण्यात खेळाच्या सामानाचं लहान दुकान आहे. कंपन्यांची रंगीत पुस्तकं येतात, त्यांत प्रत्येक रॅकेटीपुढं रकाने असतात: पॉवर, स्पिन, हँडलिंग, कंफर्ट. दहापैकी इतके, दहापैकी तितके. मुलं येऊन त्या आकड्यांवर वाद घालतात. मामाच्याच चार गोष्टी आहेत त्या. मी ऐकतो. पहिल्या तिन्हींबद्दल मी पुष्कळ बोलतो. चौथीबद्दल कुणी विचारलं, तर रॅकेट हातात देतो आणि म्हणतो, बाहेर जा, खेळून या, मला विचारू नका. लोकांना वाटतं म्हातारा होत चाललाय, धंदा कळत नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट, तेव्हा मला मामाकडे येऊन सहा-सात वर्षं झाली होती. वीस वर्षांचा होतो. रोलर ओढायचो, तात विणायचो, पण खेळायचो फक्त भिंतीशी. सकाळी धरणाचा भोंगा वाजायच्या आधीपासून माझं धप्-धप् सुरू व्हायचं. मेंबरांपुढं मामा मला उतरवत नसे. एकदा डॉक्टरसाहेब, जे सर्वांत भले होते, म्हणाले, “गेणू, आज बबनला घे की. पोरगं भिंतीवर काय सुंदर मारतं!” मामानं टॉवेलानं मान पुसत म्हटलं, “भित कदी मारत न्हाई साहेब, तुमचंच तुमाला माघारी देती. कच्चा हाय अजून त्यो.” ओसरीवरचे सगळे हसले. डॉक्टरसुद्धा. मीही हसलो असेन. पण ते वाक्य माझ्या अंगात काट्यासारखं मोडून राहिलं. त्याच वर्षी पावसाळ्याआधी मामा एका दहाव्याला मुठ्याला गेला होता, तेव्हा क्लबाच्या सेक्रेटरीसाहेबांना कुणी जोडीदार नव्हता म्हणून मी उतरलो. ते दमेपर्यंत मी त्यांना नाचवलं. पाणी पिताना ते म्हणाले, “तुझा मामा जोवर उभा आहे, तोवर मी काही बोलणार नाही. पण एकदा त्याचा हातच नाही म्हणाला, की मग तू. एका क्वार्टरात दोन मार्कर राहत नाहीत.” ते काही वाईट मनानं बोलले नाहीत. व्यवहाराचं बोलले. मी मात्र तेव्हापासून मामाच्या हाताकडे बघायला लागलो.

आणि त्या पावसाळ्यात मामाचा उजवा कोपर दुखायला लागला. कशानं ते कळलं नाही. मामी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायची, मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची. बाहेर कुणाला सांगायचं नाही असं ठरलेलं. कोपर गेलेला मार्कर कोण ठेवणार? दिवाळीनंतर ट्रंक आली. मामानं पहिली रॅकेट घेऊन शंभर चेंडू मारले, कपबशी धरली, आणि बशीत तळं झालं. दुसरी घेतली, तळं. तिसरी, तळं. त्यानं कपबशी ओट्यावर ठेवली आणि बराच वेळ हाताकडे बघत बसला.

“बबन,” तो म्हणाला, “माजा हात खोटं बोलाया लागलाय. समद्याच रॅकेटी वाईट कशा असतील?”

मी म्हटलं, “मामा, चार दिस थांबा की.”

“थांबलो तर साहेब इचारतील. आसं कर. तू मार शंभर. कप तू धर. तुजा हात काय सांगतोय ते मला सांग. तुजा हात निर्मळ हाय.”

म्हणजे जो हात कच्चा होता तोच आता निर्मळ झाला. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण मला रागच आला. काम माझ्या हातानं करायचं आणि मेंबरांना सांगायचं मामानं. भिंत क्लबाच्या मागच्या अंगाला होती, तिथून ओसरी दिसत नसे. मी तिकडे खेळायचो, कप धरायचो, आणि मामा कोपऱ्याशी येऊन बशी बघून निकाल ध्यानात ठेवायचा. दोन दिवस मी खरंच सांगितलं. जिथं चार थेंब होते तिथं चार.

तिसऱ्या दिवशी दोन रॅकेटी उरल्या. एक फिक्या पिवळ्या लाकडाची. तिला मार बेताचा, पण हातात लोण्यासारखी. शंभर चेंडू झाले तरी बशी कोरडी. दुसरी काळ्या गळ्याची. मूठ आणि डोकं जिथं जुळतं तो तिचा गळा काळ्या रोगणानं रंगवलेला होता आणि इतका ताठ, की चेंडू लागला की रॅकेट जरासुद्धा लवायची नाही. तिच्यातून सुटलेला चेंडू भिंतीवरून असा यायचा की मी दोन पावलं मागं सरकलो. तसा मार मी आधी पाहिला नव्हता. पण ताठ गळ्याची गोष्ट अशी, की अर्धा मार चेंडूला जातो आणि अर्धा कोपराला. पन्नासाव्या चेंडूला माझ्या वीस वर्षांच्या कोपरात मुंग्या आल्या. शंभर झाल्यावर मी कप धरला आणि वीस मोजेपर्यंत तिसरा हिस्सा चहा बशीत उतरला.

मामा अजून कोपऱ्याशी आला नव्हता. त्याच्या चपलांचा आवाज येत होता. मला आठवतं ते एवढंच: मी बशी तोंडाला लावली, चहा पिऊन टाकला आणि बशी सदऱ्याच्या कडेला पुसली. विचार केला, ठरवलं, असं काही झालं नाही. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की विचार केला नव्हता. पण ज्यानं विचार केला नाही तो बशी पुसत नाही.

“किती?” मामानं विचारलं.

“येक थेंब न्हाई.”

“आन् कप एवडा खाली?”

“तहान लागली व्हती. घोट घेतला.”

“मार बी हाय, आन् गोड बी हाय?” मामाचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे पाहिलं. “आशी रॅकेट जल्मात येकदा येती बबन.”

मार्करनं दर वर्षी ट्रंकेतली एक रॅकेट स्वतःसाठी निवडायची, ती क्लबाकडून त्याला बक्षीस, असा रिवाज होता. मामानं काळ्या गळ्याची निवडली. तेवढ्यावर थांबलं असतं, तर पाप एका हातापुरतं राहिलं असतं. पण असली जन्मात एकदा येणारी वस्तू एकट्यानं कशी वापरायची? त्यानं डॉक्टरसाहेबांना सांगितलं, आणखी दोघांना सांगितलं, आणि दुकानदाराकडून तसल्याच तीन आल्या.

तो हिवाळा मला दिवसागणिक आठवतो, आणि तरी त्यात सांगण्यासारखं काही नाही. मामा खेळायचा, घरी यायचा, मामी पाला बांधायची. तांब्या डाव्या हातानं उचलायला लागला. मग भाकरी डाव्या हातानं मोडायला लागला. एकदा जेवताना मामी म्हणाली, “आवं, टाका की ती रॅकेट चुलीत. जुनीनं खेळा.”

“रॅकेटीला का नावं ठिवतीस?” मामा म्हणाला. “ती गोड हाय. बबनच्या हातानं सांगितलंय. माजाच हात नासलाय.”

मी समोर बसलो होतो. ताटात नाचणीची भाकरी आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी होती. मामीनं मला विचारलं, “आनकी वाडू का रं?” आणि मी म्हटलं, “वाड.” एवढं साधं होतं ते. त्या वेळी बोललो असतो तर मामाचा कोपर महिन्याभरात बरा झाला असता, असं आज मला कळतं, कारण मी तसे पुष्कळ कोपर बरे होताना पाहिले आहेत. रॅकेट बदलली की बरे होतात.

शिमग्याच्या सुमारास डॉक्टरसाहेब हात गळ्यात बांधून आले. बाकी दोघांचीही तीच तक्रार. ओसरीवर चौघे बसले होते, समोर टेबलावर तीन काळ्या गळ्याच्या रॅकेटी, आणि चौथी हातात घेऊन मामा पायरीखाली उभा. मी जाळी सैल करायचं चाक फिरवत होतो, पाच पावलांवर.

डॉक्टर म्हणाले, “गेणू, रागावून नाही सांगत. पण मला आता इंजेक्शन देता येत नाही. हात कापतो.”

सेक्रेटरीसाहेबांनी विचारलं, “ह्या रॅकेटीची परीक्षा घेतली होतीस ना? कपबशीची?”

“व्हय साहेब.”

“कप तू स्वतः धरला होतास?”

मामानं माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. त्या नजरेत संशय नव्हता. पुढच्या सगळ्या वर्षांत मी त्या नजरेत संशय शोधला, सापडला असता तर बरं वाटलं असतं. ती नजर फक्त हे बघत होती की पोरगं घाबरलं तर नाही ना. त्याला वाटलं, माझी चूक झाली असेल. कच्च्या हाताची प्रामाणिक चूक.

“व्हय,” तो म्हणाला, “म्याच धरला. चूक माजी हाय. माजा हात खोटा निगाला साहेब. पारख ग्येली माजी.”

त्याला काढून टाका असं कुणी म्हणालं नाही. पण त्याच्या शब्दावर रॅकेट घेणारा मेंबर त्या ओसरीवर राहिला नाही, हे त्यालाही कळलं. मी चाक फिरवत होतो. जाळी केव्हाच खाली आली होती, तरी मी फिरवत होतो. एका वाक्याचं काम होतं. “बशी मी पुसली,” तीन शब्द. मी ते मनात पाठ करत उभा राहिलो आणि तेवढ्यात मंडळी उठली.

पाडव्याला मामा-मामी मुठ्याला निघून गेले. क्वार्टर मला मिळाला, कोर्ट मला मिळालं. जायच्या आदल्या दिवशी मामीनं दोन्ही खोल्या सारवल्या, चूल पोतेऱ्यानं पुसून स्वच्छ केली आणि डब्यात माझ्यासाठी आंबेमोहोर भरून ठेवला. मी म्हटलं, “मामी, कशाला?” ती म्हणाली, “तुलाच तर ऱ्हायाचं हाय हितं. घाणीत ऱ्हाशील का?” मामानं एस.टी.च्या पायरीवरून मागं वळून सांगितलं, “आता कुटली गोड ते तुज्या हाताला इचार. दुसऱ्याचं आयकू नगंस.”

मी अकरा वर्षं मार्कर होतो. चांगला मार्कर होतो, असं लोक सांगतील. मग बंगले विकले गेले, क्लब बंद पडला, मी पुण्याला येऊन दुकान टाकलं. मुठ्याला मी गेलो नाही. आई म्हणायची, “आरं, मामा इचारतोय तुला,” मी काम काढायचो. माझ्या लग्नात मामा आला होता, डोक्यावर डाव्या हातानं अक्षता टाकून गेला. वर्षं अशी जातात की माणसाला वाटतं, आता ते कुणाला आठवत नसेल.

मग एक दिवस दुकानात सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी आली. कोपराला पट्टा बांधलेला. मी तिची रॅकेट हातात घेतली, तळव्यावर आपटली आणि म्हटलं, “ही फार कडक आहे, हिनंच दुखतंय.” ती म्हणाली, “खरंच? काका, दोन वर्षं मला वाटत होतं माझाच हात वाईट आहे. सगळे म्हणायचे रॅकेट उत्तम आहे.” आणि ती तिथंच रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. ती गेल्यावर दुकान बंद केलं आणि मुठ्याची बस धरली. बशी पुसली त्याला तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

मामा अंगणात बाजेवर बसला होता, वाळून काटकुळा झालेला. मला पाहून “आरं बबन!” म्हणून त्यानं एवढ्या आनंदानं हाक मारली की पाठ केलेलं सगळं मी विसरलो. मामी पाणी घेऊन आली. कशी आहेस विचारलं, तर म्हणाली, “हाय तशी हाय. तू लई जाड झालास.” तेवढ्यात शेजारचा शंकर कुऱ्हाडीला घालायचे तीन दांडे घेऊन आला आणि ते सरळ मामीच्या पुढं धरले.

“काकी, बगा बरं यातला कुटला घालू?”

मी म्हटलं, “मामाला विचारा की.”

शंकर हसला. “त्येला नगं पाव्हनं. त्येचा हात खोटा हाय, आसं त्योच सांगतोय समद्यास्नी. बैल घ्येताना बी काकीच हात लावती. आंबा पिकलाय का कच्चा, ते बी काकीच बगती.”

मामाही हसला, जणू एखादी जुनी, सवयीची गंमत असावी. “व्हय बाबा. आपल्या हातावर इस्वास न्हाई आपला.” मामीनं दांडे उलटेपालटे केले, एक दाखवला, आणि शंकर तिन्ही काखेत मारून निघाला.

मला तोवर वाटत होतं की मी मामाची नोकरी घेतली, घर घेतलं, कोपर घेतला. हे मला माहीत नव्हतं. बावीस वर्षं हा माणूस आंबा दाबून बघत नव्हता.

मी सांगितलं. बाजेसमोर जमिनीवर बसून, मान खाली घालून, कप, बशी, चहा, सदऱ्याची कड, सगळं. सेक्रेटरीसाहेब काय बोलले तेही सांगितलं. माझी चूक नव्हती, मी मुद्दाम केलं, हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्याला ते ऐकूच गेलं नाही असं वाटलं. मामी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

मामानं डाव्या हातानं उजवा कोपर चोळला. मग म्हणाला, “म्हंजी ती रॅकेट वाईट व्हती?”

“व्हय, मामा.”

“गळा ताट व्हता तिचा.”

“व्हय.”

“पयल्या दिशीच मला कोपरात कळ आली व्हती. म्या म्हनलं, ही गोड न्हाई. मंग म्हनलं, न्हाई, बबनचा हात निर्मळ हाय, आपलाच नासलाय.” त्यानं उजवा हात समोर धरला आणि उलटा-सुलटा करून पाहिला, एखादी हरवलेली वस्तू परत मिळाल्यावर पाहतात तसा. “म्हंजी हात खरं सांगत व्हता.”

मी मार खायला आलो होतो. शिव्या खायला आलो होतो. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

“आयकलं का गं?” तो मामीला म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. “हात खरा व्हता माजा! म्या न्हाई आयकलं त्येचं!”

“आयकलं,” मामी म्हणाली. ती मात्र माझ्याकडे बघत होती. “बबन...” एवढंच ती म्हणाली. ती आत गेली. आत भांडं वाजलं नाही, चूल फुंकल्याचा आवाज आला नाही. मी मामीच्या दारी गेलो आणि तिनं जेवायला थांब म्हटलं नाही, असं पहिल्यांदा झालं.

मामा तोवर बाजेवरून उतरून अंगणाच्या कडेला गेला होता आणि तोंडाशी हात धरून ओरडत होता, “शंकऱ्या! आरं ए शंकऱ्या! दांडं घिऊन माघारी ये!” शंकर गोंधळून परत आला. मामानं त्याच्या हातातून तिन्ही दांडे ओढून घेतले, उजव्या हातात एक धरला, डोळे मिटले आणि जोत्याच्या दगडावर हलकेच आपटला. मग दुसरा. मग तिसरा. मामीनं निवडलेला दांडा त्यानं बाजूला काढून ठेवला.

“ह्यो घालू नगंस,” तो शंकरला म्हणाला. “हाताला बाधंल तुज्या.”

शंकरनं माझ्याकडे पाहिलं, याला झालं काय म्हणून. मी चपला घातल्या. मामा तिसरा दांडा पुन्हा पुन्हा दगडावर आपटून बघत होता. मी निघालेलं त्याला कळलं नाही.